गाईच्या दुधात वंशाचा वाटा किती?

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी शेतकऱ्याच्या तोंडी सहज असते. दुभती गाय विकत घेताना तो याच न्यायाने विचार करतो. आज भरपूर दूध देणारी गाय उद्याही तसेच दूध देईल आणि तिच्या पोटची कालवड आईच्या तोडीची निघेल, असा त्याचा विश्वास असतो. गाय घेण्यासाठी कर्ज देणारी बँकही बऱ्याच अंशी याच विश्वासावर परतफेडीचे हप्ते ठरवते. हा विश्वास सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो पूर्णपणे खराही नाही. खाणीचा गुण मातीत किती उतरतो, हे मोजता येते आणि ते मोजण्याचे शास्त्र गेल्या शंभर वर्षांत चांगलेच विकसित झाले आहे.

हा विषय केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. १९९८ पासून भारत हा जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. २०२३-२४ या वर्षात देशाचे दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टनांवर पोहोचले. मात्र हे यश मुख्यतः जनावरांच्या प्रचंड संख्येचे आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी नोंदल्या गेल्या. दर गाईमागे मिळणारे दूध दुग्धव्यवसायात पुढारलेल्या देशांच्या मानाने कमीच आहे. चारा आणि पाणी यांची टंचाई लक्षात घेता यापुढील वाढ गाईंची संख्या वाढवून नव्हे, तर गाईची प्रत सुधारून साधावी लागेल. प्रत सुधारायची, तर चांगली गाय कोणती हे आधी ओळखता आले पाहिजे.

फरकाची दोन मुळे

एकाच गावातील दहा गाई पाहिल्या, तर दहांचे दूध दहा प्रकारचे असते. या फरकाची कारणे ढोबळमानाने दोन गटांत विभागता येतात. पहिले कारण वंशाचे. आईबापांकडून आलेल्या जनुकांमुळे एखादीची दूध तयार करण्याची मूळ क्षमता अधिक असते, तर एखादीची कमी. दुसरे कारण परिस्थितीचे. एकीला हिरवा चारा आणि सरकी पेंड वेळेवर मिळते, दुसरी कोरड्या कडब्यावर दिवस काढते. एक हिवाळ्याच्या तोंडावर व्यालेली असते, दुसरी ऐन उन्हाळ्यात. एक पहिल्या वेताची, दुसरी तिसऱ्या वेताची. एकीला कासेचा दाह झालेला असतो, दुसरी निरोगी असते.

यांपैकी काही कारणांचा परिणाम हिशेबाने दूर करता येतो. त्यासाठी प्रत्येक गाईचे दूध एका वेतातील पहिल्या ३०५ दिवसांचे धरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. त्यामुळे आठ महिन्यांत आटलेली गाय आणि चौदा महिने पिळलेली गाय यांची एकाच मापाने तुलना होते. वेताचा क्रमांक, व्यायल्याचा हंगाम आणि गोठा यांसाठीही आकड्यांत सुधारणा केल्या जातात. एवढे करूनही गाईगाईंत फरक उरतोच. त्या उरलेल्या फरकात वंशाचा वाटा किती, हा या शास्त्राचा मुख्य प्रश्न आहे.

संख्याशास्त्रात फरकाचे माप ‘विचरण’ या संज्ञेने दाखवतात. प्रत्येक गाईचे दूध सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे, त्या अंतराचा वर्ग करायचा आणि सर्व वर्गांची सरासरी काढायची, म्हणजे विचरण मिळते. त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. विचरणाचा मोठा उपयोग असा, की वंशाचा आणि परिस्थितीचा परिणाम परस्परांपासून स्वतंत्र असल्यास दोहोंच्या विचरणांची सरळ बेरीज होते. म्हणूनच एकूण विचरणातून वंशाचा हिस्सा वेगळा काढता येतो. पुढच्या पिढीकडे जाणारा वंशाचा हिस्सा भागिले एकूण विचरण, या गुणोत्तरास ‘आनुवंशिकता गुणांक’ म्हणतात. दुधाच्या बाबतीत हा गुणांक सामान्यतः ०.२५ ते ०.३५ च्या आसपास आढळतो. म्हणजे गाईगाईंमधील फरकापैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्साच वारशाने पुढे जाणारा असतो.

एक हिशेब

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका परिसरातील संकरित गाईंची वेतामागे सरासरी ३,००० लिटर आणि प्रमाण विचलन ६०० लिटर आहे. याचा अर्थ, सुमारे दोनतृतीयांश गाई २,४०० ते ३,६०० लिटर यांच्या दरम्यान दूध देतात. एकूण विचरण ६०० चा वर्ग, म्हणजे ३,६०,००० होईल. आनुवंशिकता गुणांक ०.२५ धरला, तर वंशाचे विचरण ९०,००० आणि त्याचे वर्गमूळ ३०० लिटर येते. निवडीतून सुधारणा घडवायची, ती या ३०० लिटरच्या पसाऱ्यातूनच.

आता एका तरुण शेतकऱ्याने कर्ज काढून या परिसरातील ४,२०० लिटर दूध दिलेली गाय घेतली, असे मानू. ती सरासरीपेक्षा १,२०० लिटरने वरचढ आहे. परंतु या १,२०० लिटरमध्ये चांगल्या वंशाबरोबरच चांगल्या नशिबाचाही भाग आहे: व्यायल्याचा अनुकूल काळ, निरोगी प्रकृती, मालकाची विशेष देखभाल. म्हणून तिचे ‘पैदास मूल्य’ १,२०० च्या ०.२५ पट, म्हणजे ३०० लिटरच धरावे लागते. त्यातलाही निम्माच भाग कालवडीकडे जातो, कारण उरलेला निम्मा वारसा बापाकडून येतो. बाप सामान्य प्रतीचा असेल, तर त्या कालवडीकडून ३,१५० लिटरची अपेक्षा करता येईल. ४,२०० लिटरची अपेक्षा धरणाऱ्याच्या पदरी निराशा येते आणि तो विक्रेत्याला, नाहीतर डॉक्टरला दोष देतो. दोष बहुतेक वेळा अपेक्षेचाच असतो.

स्वतः त्या गाईच्या पुढच्या वेताचा हिशेब थोडा निराळा आहे. गाय तीच असल्यामुळे तिचा वंश तर कायम असतोच, शिवाय वासरपणी झालेले पोषण किंवा कासेची कायमची इजा अशा काही गोष्टीही तिला जन्मभर साथ करतात. त्यामुळे एका वेताचे दुसऱ्या वेताशी असलेले साम्य अधिक असते. त्याला ‘पुनरावृत्ती गुणांक’ म्हणतात आणि तो साधारण ०.५ च्या आसपास धरता येतो. वरील गाईच्या पुढच्या वेताचा अंदाज त्यामुळे ३,००० अधिक ६००, असा ३,६०० लिटर येतो. ४,२०० आणि ३,६०० यांतील ६०० लिटरचा फरक लिटरला ३० रुपये धरले, तरी १८,००० रुपयांचा होतो. मागील वेताचा आकडा जसाच्या तसा धरून आखलेले हप्ते का थकतात, याचे एक कारण या फरकात दडलेले आहे.

ती गाय कोणत्या गोठ्यातून आली, यालाही महत्त्व आहे. तिच्या मूळ गोठ्याची सरासरीच ३,६०० लिटर असेल, तर ती आपल्या सोबतिणींपेक्षा केवळ ६०० लिटरने वरचढ ठरते. मग पुढच्या वेताची तिची अपेक्षित आघाडीही ३०० लिटरच राहते आणि ती आघाडी खरेदीदाराच्या गोठ्याच्या सरासरीत मिळवावी लागते. त्या गोठ्याची सरासरी २,७०० लिटर असेल, तर अंदाज ३,००० लिटरवर येतो. गाय गाडीत घालून आणता येते, जुना गोठा आणता येत नाही.

नातलगांच्या नोंदींतून उत्तर

गाईच्या अंगावर तिची जनुके लिहिलेली नसतात. मग आनुवंशिकता गुणांक काढायचा कसा? याचे उत्तर नातलगांच्या साम्यात आहे. इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नातलगांमधील साम्य आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांची सांगड घातली. पुढे अमेरिकेतील आयोवा येथील जे लश यांनी हे विचार पशुपैदाशीच्या व्यवहारात आणले. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९३७ चा आहे.

पहिली पद्धत आई आणि मुलीच्या तुलनेची. अनेक मायलेकींच्या जोड्या घेऊन, आईच्या दुधात १०० लिटरची वाढ असता मुलीच्या दुधात सरासरी किती वाढ दिसते, हे पाहायचे. ती समजा १२.५ लिटर दिसली, तर मुलीला आईकडून निम्माच वारसा मिळत असल्याने तिची दुप्पट करायची. १०० मागे २५, म्हणजे गुणांक ०.२५. या पद्धतीत एक धोका आहे. मायलेकी एकाच गोठ्यात असल्या, तर मालकाच्या चांगल्या देखभालीमुळे दोघींचेही दूध वाढते आणि चाऱ्याचे श्रेय चुकून वंशाला दिले जाते.

दुसरी पद्धत सावत्र बहिणींची. एकाच वळूच्या, पण निरनिराळ्या गाईंच्या पोटी झालेल्या मुलींमध्ये सरासरी एकचतुर्थांश वारसा समान असतो. वळूवळूंच्या कन्यागटांमधील विचरण एकूण विचरणाच्या किती पट आहे ते काढायचे आणि त्याला चारने गुणायचे. वरील उदाहरणात कन्यागटांमधील विचरण २२,५०० आढळले, तर ते ३,६०,००० च्या ०.०६२५ पट होते. त्याची चौपट ०.२५. या बहिणी वेगवेगळ्या गोठ्यांत वाढलेल्या असल्या, तर त्यांच्यातील साम्याचे श्रेय चाऱ्याला देता येत नाही. म्हणून दुधाच्या अभ्यासात ही पद्धत दीर्घकाळ अधिक भरवशाची मानली गेली.

यापुढचे पाऊल कॉर्नेल विद्यापीठातील चार्ल्स हेंडरसन यांचे. गोठा, हंगाम आणि वंश या सर्वांचे परिणाम एकाच वेळी, एकाच समीकरणसंचातून वेगळे काढण्याची पद्धती त्यांनी विकसित केली. आज संगणकाच्या साहाय्याने लाखो गाईंची संपूर्ण वंशावळ त्या पद्धतीने हिशेबात घेतली जाते.

दोन गाईंच्या गोठ्यांचा देश

भारतात ही मोजणी विशेष अवघड आहे. युरोप-अमेरिकेत एका गोठ्यात शेकडो गाई असतात. एकाच चाऱ्यावर, एकाच छपराखाली त्यांची तुलना होते. भारतातील बहुसंख्य घरांत दोन-तीनच जनावरे असतात. दोन गाईंच्या गोठ्यात कोण वरचढ हे सांगता येते, पण का वरचढ हे सांगता येत नाही. शेजारच्या गोठ्याशी तुलना करावी, तर तेथील चारा वेगळा, पाणी वेगळे आणि मालकाचा हातही वेगळा.

ही अडचण कृत्रिम रेतनाने सोडवली. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवलेल्या गोठित रेतमात्रांमुळे एकाच वळूच्या मुली शेकडो गावांत जन्माला येऊ शकतात. त्यांपैकी काही सधन घरी वाढतात, काही गरिबाघरी. काहींना भरपूर चारा मिळतो, काहींची आबाळ होते. मुलींची संख्या पुरेशी असली, की बरी आणि वाईट परिस्थिती परस्परांना छेद देते आणि त्याच गावांत, त्याच हंगामात व्यालेल्या इतर वळूंच्या मुलींशी तुलना केली असता बापाचा वाटा उघड होतो. अशा रीतीने विखुरलेल्या गोठ्यांतूनच प्रयोगशाळा उभी राहते.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८५ मध्ये शेतकऱ्यांच्या गोठ्यांतील संतती चाचणीचा प्रकल्प हाती घेतला. केरळ, पंजाबमधील लुधियाना आणि पुण्याजवळील उरुळीकांचन ही त्याची केंद्रे. उरुळीकांचन येथील काम मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेकडे आहे. केरळमध्ये तर १९६३ मध्ये सुरू झालेल्या भारत-स्विस प्रकल्पातून ‘सुनंदिनी’ ही संकरित जात घडली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मार्गदर्शनाखाली गाईंसाठी आणि म्हशींसाठीही असे कार्यक्रम चालतात.

चाचणीला मुली किती हव्यात, याचेही गणित आहे. गुणांक ०.२५ असता, मुलींची संख्या भागिले मुलींची संख्या अधिक १५, या सूत्राने वळूच्या मूल्यमापनाची विश्वसनीयता मिळते. पाच मुलींच्या नोंदी असल्यास ती २५ टक्के, पंधरा मुलींवर ५० टक्के आणि साठ मुलींवर ८० टक्के होते. गाईच्या स्वतःच्या एका वेतावरून तिचे पैदास मूल्य ठरवले, तर विश्वसनीयता २५ टक्केच असते. म्हणजे साठ मुलींच्या नोंदी असलेल्या वळूविषयी जेवढ्या खात्रीने बोलता येते, तेवढ्या खात्रीने एका वेताच्या नोंदीवरून कोणत्याही गाईविषयी बोलता येत नाही. दूध गाय देते, पण वंशाचा भरवसा वळूच्या बाजूने अधिक मिळतो, तो यामुळे.

या खात्रीची किंमत वेळेत मोजावी लागते. रेतन झाल्यावर सुमारे नऊ महिन्यांनी कालवड जन्मते, ती साधारण तीन वर्षांची होऊन विते आणि त्यानंतर दहा महिने तिच्या दुधाची नोंद चालते. तोवर वळू प्रतीक्षेत असतो. पाच वर्षांहून कमी काळ सहसा पुरत नाही.

आकड्यांचा अर्थ लावताना

या गुणांकाविषयी काही गैरसमज संभवतात. गुणांक ०.२५ आहे, याचा अर्थ गाईच्या दर चार लिटरमधील एक लिटर वंशाचा आणि तीन चाऱ्याचे, असा होत नाही. चाऱ्यावाचून वंश दूध देऊ शकत नाही आणि वंशावाचून चाऱ्याचे दूध होत नाही. हा गुणांक गाईगाईंमधील फरकाची वाटणी सांगतो, बादलीतील दुधाची नव्हे.

दुसरे असे, की हा गुणांक कोणत्याही जातीचा कायमचा शिक्का नाही. जेथे चारा तुटपुंजा, तेथे उत्तम वंशाच्या गाईलाही आपली क्षमता दाखवता येत नाही. चांगली आणि सामान्य गाय जवळजवळ सारखेच दूध देतात आणि वंशाचा फरक झाकला जातो. त्याचप्रमाणे थंड हवेच्या देशात पहिल्या क्रमांकाचा ठरलेला वळू विदर्भाच्या उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलींच्या बाबतीतही पहिलाच ठरेल, याची शाश्वती नसते. ज्या परिस्थितीत मुली दूध देणार, त्याच परिस्थितीत चाचणी झालेली बरी.

तिसरी गोष्ट संकराची. देशी आणि विदेशी जातींच्या पहिल्या संकरात मिळणारी वाढ काही अंशी दोन भिन्न जाती एकत्र आल्याचा परिणाम असते. पहिल्या पिढीच्या संकरित जनावरांचीच आपसांत पैदास केली, तर ती जादा वाढ पुढच्या पिढीत बरीच ओसरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय घडवली. अशा जातींचा कस टिकवायचा, तर संकरानंतरही नोंदी आणि निवड चालू ठेवावी लागते.

जनुकांची चिप

२००१ मध्ये म्यूविसन, हेज आणि गॉडार्ड या शास्त्रज्ञांनी एक वेगळी वाट दाखवली. हजारो गाईंच्या जनुकीय खुणा आणि त्यांच्या दुधाच्या नोंदी एकत्र ठेवल्या, तर कोणत्या खुणेचा दुधाशी किती संबंध आहे याचा अंदाज बांधता येतो आणि नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून त्याचे पैदास मूल्य वर्तवता येते. अमेरिकेत २००९ पासून अशा मूल्यमापनाचा अधिकृत वापर सुरू झाला. भारतातही देशातील गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ तयार झाल्या. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचे लोकार्पण झाले.

या तंत्रामुळे पाच वर्षांची प्रतीक्षा पुष्कळ कमी होऊ शकते. परंतु चिप केवळ खुणा वाचते. त्या खुणांचा दुधाशी असलेला संबंध गोठ्यातील नोंदींतूनच शिकावा लागतो. नोंदी नसतील, तर सर्वांत महाग चिपही मुकी आहे.

कर्जदार आणि शाखाधिकारी यांच्यासाठी

या सर्व विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी हाती लागतात. गाय खरेदी करताना बाजारातील एका दिवसाच्या दुधावर विसंबू नये. आदल्या वेळचे दूध न काढता कास फुगलेली दाखवण्याची युक्ती सर्वज्ञात आहे. सलग दोन-तीन वेळा समक्ष दूध काढून पाहावे आणि शक्य तेथे मागील वेतांची लेखी नोंद मागावी. एका वेतापेक्षा दोन-तीन वेतांची नोंद अधिक भरवशाची असते.

प्रकल्प अहवालात दुधाचा अंदाज मांडताना विक्रेत्याच्या गोठ्यातील उच्चांक न धरता, खरेदीदाराच्या परिसरातील सरासरी पायाभूत धरावी आणि गाईच्या आघाडीपैकी सुमारे निम्मा भागच तीत मिळवावा. हप्ता त्या आकड्याला झेपेल, असा असावा. यामुळे कर्जाची रक्कम क्वचित थोडी कमी होईल, पण हप्ता वेळेवर भरला जाईल.

कालवडीची आशा धरणाऱ्याने गाईपेक्षाही रेतमात्रेची चौकशी अधिक करावी. प्रत्येक रेतमात्रेच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो विचारावा, लिहून ठेवावा आणि संतती चाचणी झालेल्या वळूची मात्रा उपलब्ध असल्यास तीच मागावी.

शेवटी, वही ठेवावी. गाईच्या कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक, रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक, व्यायल्याची तारीख आणि महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलेले दूध, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. वर्षाकाठी त्या एका पानात मावतात. बँकेत जसे पासबुक, तसे गोठ्यात हे पान. मालकाला त्यातून कोणती कालवड ठेवावी आणि कोणती विकावी, हे कळते. शाखाधिकाऱ्याला कर्जाची मागणी तपासण्यास आधार मिळतो. आणि हजारो गोठ्यांतील अशी पाने नोंदणी कार्यक्रमांतून एकत्र आली, म्हणजे कोणत्या वळूच्या लेकी खरोखर सरस आहेत हे देशाला समजते. खाणीची पारख मातीच्या नोंदींतूनच होते.